टेप गरम, बसबार थंड?

प्रश्न : वाळूज एमआयडीसीतल्या कारखान्यात मी देखभालीचं काम बघतो. थर्मल कॅमेऱ्यात पॅनेलमधला तांब्याचा बसबार थंड दिसतो आणि त्यावरची काळी टेप गरम. खरं कोणाचं धरायचं?

उत्तर : टेपचं. कॅमेरा थेट तापमान मोजत नाही. पृष्ठभागाकडून येणारी अवरक्त किरणं, बहुधा ८ ते १४ मायक्रॉनची, टिपून तो तापमानाचा हिशेब मांडतो. त्यात कळीची असते एमिसिव्हिटी, म्हणजे आदर्श काळ्या वस्तूच्या तुलनेत पृष्ठभाग किती उष्णता किरणांवाटे बाहेर टाकतो ते प्रमाण. काळ्या टेपची ती ०.९५च्या आसपास, चकचकीत तांब्याची जेमतेम ०.०५. असं तांबं म्हणजे आरसाच. त्यात तुमच्या अंगाची, शेडच्या पत्र्याची उष्णता दिसते. मे महिन्यात तापलेला पत्रा तर भलताच चकवतो!

कॅमेऱ्यात ०.०५ भरून भागत नाही; एवढ्या लहान आकड्यात किंचित चूकही उत्तर पार बिघडवते. टेपच लावा, पण वीज बंद करून. पॅनेलचं ॲक्रिलिक झाकण आड आलं, तर झाकणाचंच तापमान दिसेल. लाल रंगालाही लगेच घाबरू नका, तो त्या चौकटीतला सर्वांत गरम भाग, इतकंच. तिन्ही फेजवर सारखा लोड असताना टेप लावलेले जोड ताडून पाहा; एकच जास्त तापला असेल, तर आधी त्याचा बोल्ट तपासा.