सह्याद्रीचे थर आणि गावची विहीर

महाबळेश्वरला वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. तरीदेखील सह्याद्रीच्या घाटमाथ्यावरील अनेक वाड्यांत चैत्र उजाडला की विहिरी तळ गाठतात आणि हंडाभर पाण्यासाठी बायाबापड्यांना डोंगर चढावा-उतरावा लागतो. एवढे पाणी जाते कोठे? याचे उत्तर आकाशात शोधून मिळणार नाही. ते पायाखालच्या खडकात आहे, आणि त्यासाठी सह्याद्रीची जडणघडण थोडी समजून घ्यावी लागेल.

सह्याद्री हा ज्वालामुखीच्या खडकांचा डोंगर आहे, असे आपण शाळेत शिकतो. त्यामुळे एखादे उंच शिखर म्हणजे विझलेल्या ज्वालामुखीचे तोंड असावे, असा समज होतो. वस्तुस्थिती निराळी आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांच्या आगेमागे भूकवचाला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून अतिशय प्रवाही असा लाव्हारस बाहेर पडून दूरवर पसरला. तो थिजला, काही काळ शांततेत गेला, पुन्हा नवा लोंढा आला. असे थरावर थर साचत गेले. आजही सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर प्रदेश या खडकाने व्यापलेला आहे आणि महाराष्ट्राच्या भूमीचा सुमारे ८१ टक्के भाग त्यात येतो. पश्चिमेकडे या थरांची एकूण जाडी फार मोठी असून पूर्वेकडे ती कमी होत जाते. १९६७ च्या भूकंपानंतर कोयना परिसराचा अभ्यास चालूच राहिला. या शतकात तेथे जमिनीत खोल छिद्रे घेण्यात आली, तेव्हा सुमारे ९३० मीटर जाडीच्या काळ्या खडकाखाली ग्रॅनाइटच्या जातीचा, त्याहून कितीतरी पुरातन खडक लागला.

भूशास्त्रात या खडकांना ‘दख्खन ट्रॅप’ म्हणतात. ‘ट्रॅप’ हा शब्द पायरी या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आला. एखाद्या गडाकडे दुरून पाहावे म्हणजे हे नाव किती सार्थ आहे ते कळते. उभा कडा, मग गवताळ उतार, पुन्हा कडा, पुन्हा उतार! सह्याद्री हा हिमालयासारखा घड्या पडून वर आलेला पर्वत नव्हे. तो दख्खनच्या पठाराची पश्चिमेकडील झिजलेली कड आहे. म्हणूनच कोकणातून तो भिंतीसारखा उभा दिसतो आणि देशावरून चढताना मात्र फारसा जाणवत नाही.

पायऱ्या का पडल्या हे पाहण्यासाठी लाव्ह्याच्या एकाच थराचे निरीक्षण पुरेसे आहे. थराचा मधला-खालचा भाग सावकाश निवाला, त्यामुळे तो घट्ट व काळाकभिन्न झाला. निवताना आकसल्यामुळे त्यात उभ्या भेगा पडल्या. मुंबईत अंधेरीच्या गिल्बर्ट टेकडीवर अशा भेगांमुळे तयार झालेले खांब दिसतात. थराच्या वरच्या भागात वायूचे बुडबुडे अडकून राहिले, म्हणून तो सच्छिद्र झाला. या पोकळ्यांत पुढे झिओलाइट, कॅल्साइट, गारगोटी अशी खनिजे भरली. दोन थरांमध्ये पुष्कळ ठिकाणी गेरूसारखा तांबडा, मातकट पट्टा आढळतो. घट्ट भाग टिकून राहतो, त्याचा कडा होतो. सच्छिद्र भाग लवकर झिजतो, त्याचा उतार होतो.

हे थर जवळजवळ आडवे असले तरी दक्षिणेकडे किंचित कललेले आहेत. त्यामुळे जव्हार-इगतपुरीकडे जुने थर उघडे पडलेले दिसतात, तर महाबळेश्वर-पन्हाळ्याकडे त्यामानाने नवे थर सापडतात. १९८० च्या दशकात संशोधकांनी खडकांतील रासायनिक घटक तपासून या थरांचे कळसूबाई, लोणावळा आणि वाई असे तीन उपगट पाडले. दिसायला सारख्या काळ्या दगडांतही असा क्रम लावता येतो, हे विशेष होय.

आता पाण्याकडे वळू. घट्ट काळ्या खडकाच्या अंगात पाणी मुरत नाही. ते शिरते भेगांतून, आणि साठते झिजलेल्या मुरमाच्या व सच्छिद्र थराच्या पोटात. खाली जाताजाता अभंग कातळ किंवा तांबडा मातकट पट्टा लागला की त्याची वाट अडते. मग ते आडवे सरकत जाते आणि जेथे डोंगराची कूस उघडी पडते तेथे झरा होऊन बाहेर येते. डोंगराच्या अर्ध्या उंचीवर वाडी वसलेली दिसते, ती बहुधा अशा झऱ्याच्या आधारानेच. परंतु हे कोठार लहान असते. श्रावणात ते काठोकाठ भरते, वरचा पाऊस ओढ्यावाटे वाहून जातो, आणि साठलेले पाणीही झऱ्यांवाटे हळूहळू निघून जाते. चैत्रातील कोरड्या विहिरीचे मर्म येथे आहे.

आपल्या पूर्वजांनी हा खडक हाताने ओळखला होता. कार्ले, भाजे, वेरूळ येथील लेणी याच खडकात कोरलेली आहेत. जाड, एकसंध थर हेरल्यावाचून कैलासासारखे मंदिर वरून खाली खोदत नेणे अशक्यच होते. किल्ल्यांवरील पाण्याची टाकीही अशाच कातळात खोदली, कारण पाणी न शोषणारा खडक पाणी धरूनही ठेवतो.

१९७२ च्या दुष्काळानंतर विंधनविहिरींचा प्रसार झाला. आज पाणी लागले नाही की आणखी खोल जाण्याकडे कल असतो. पण अभंग कातळात कितीही खोल गेले तरी भेग लागल्याशिवाय पाणी लागत नाही. खर्च मात्र शेतकऱ्याच्या माथी पडतो. उतारांचेही तसेच आहे. उतारावरील झिजलेली माती व मुरूम पावसाने ओथंबले की खालच्या खडकावरून घसरू शकतात. ३० जुलै २०१४ रोजी माळीण गाव असेच दरडीखाली गेले आणि दीडशेहून अधिक माणसे दगावली. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडीवर तोच प्रसंग ओढवला. म्हणून विहीर खोदण्यापूर्वी, रस्त्यासाठी उतार कापण्यापूर्वी, तेथील थर पाहणे हे केवळ शास्त्रज्ञांचे काम राहिलेले नाही.

कलाशाखेचा विद्यार्थीही यात पुष्कळ करू शकतो. सुटीत गावी गेल्यावर विहिरीच्या कडेला उभे राहून मुरूम किती हातांपर्यंत आहे, काळा दगड कोठे लागतो, तांबडा पट्टा कोठे आहे, पाझर कोणत्या बाजूने येतो, एवढे वहीत टिपावे. दर महिन्याला पाण्याची पातळी दोरीने मोजून तारखेसह लिहावी. ज्यांनी विहिरी खोदल्या त्या वृद्धांना विचारावे; त्यांना थरांची नावे आपल्यापेक्षा अधिक ठाऊक असतात. अशा दहा-वीस विहिरींच्या नोंदी एका नकाशावर मांडल्या, तर गावात पाणी कोठे मुरते आणि कोठून निसटते याचा अंदाज येईल, आणि पुढची विहीर कोठे खोदावी याविषयी ग्रामसभेत कोणाला तरी आधाराने बोलता येईल.