बदाम आणि घरचे खारे दाणे

मोहने गाव उल्हास नदीच्या काठी आहे. आंबिवली स्टेशनावर उतरले की जवळच. पूर्वी येथे रेयॉनचा मोठा कारखाना चालत असे. तो २००९ साली बंद पडला. पुष्कळ घरांत तेव्हापासून पैसा मोजून खर्च करावा लागला.

अशाच एका घरी आम्ही बसलो होतो. नातवाची परीक्षा जवळ आली होती. आजी म्हणाल्या, "पोराला बदाम द्या, डोकं चालेल, असं शेजारीण सांगते. पण बदामाचा भाव ऐकलात का? आणायचे कुठनं?"

आजींचा प्रश्न पुष्कळांच्या घरातला आहे. म्हणून हा धडा.

बदाम चांगला, यात वाद नाही. तो थंड मुलखात होतो. आपल्या देशात तो काश्मीरकडे पिकतो. बाजारातला बराचसा बदाम मात्र अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया प्रांतातून येतो. लांबचा माल, म्हणून महाग. आपल्याकडे अंगणात देशी बदाम असतो, ते झाड वेगळे. त्याची फळे पोरे दगडाने फोडतात आणि आतला गर खातात. खाण्याजोगा आहे, पण सगळी दुपार फोडत बसावे तेव्हा मूठभर निघतो!

आता शेंगदाणा पाहा. अंग वाढवणारा आणि शरीराची झीज भरून काढणारा जो भाग अन्नात असतो, त्याला प्रथिने म्हणतात. १०० ग्रॅम बदामात प्रथिने सुमारे २१ ग्रॅम असतात. १०० ग्रॅम शेंगदाण्यात सुमारे २५ ग्रॅम. तेल दोन्हींत जवळजवळ निम्मे. हाडांना लागणारा चुना बदामात जास्त असतो, हे खरे. पण पोराच्या मधल्या वेळच्या खाण्याला मूठभर दाणे कमी पडत नाहीत. आणि बदाम खाल्ला म्हणून न वाचलेला धडा परीक्षेत आठवत नाही, हेही आम्ही आजींना सांगितले. आजी हसल्या.

दाणे घरी कसे भाजावेत ते सांगतो. भडभुंज्या भट्टीवर गरम वाळूत भाजतो. आपण वाळूच्या जागी जाडे मीठ घ्यावे.

अर्धा किलो दाणे घ्या. आधी ते सुपात घेऊन निवडा. निवडण्याची गोष्ट पुढे पुन्हा येईल, कारण ती सर्वांत मोठी आहे. एक कप गरम पाण्यात मोठा चमचाभर मीठ विरघळवा. हे पाणी दाण्यांवर ओता, हलवा आणि पाव तास झाकून ठेवा. मग पाणी निथळून दाणे फडक्यावर पसरा. तासभर वाळू द्या. ओले दाणे कढईत टाकले तर ते भाजत नाहीत, शिजतात. मग खुळखुळीत होत नाहीत.

लोखंडी कढईत दोन-तीन वाट्या जाडे मीठ चांगले तापवा. त्यात थोडे थोडे दाणे टाका. आच मध्यम ठेवा, आणि उलथने थांबवू नका. थोड्या वेळाने दाणे तडतडू लागतात. साधारण दहा मिनिटांनी एक दाणा बाहेर काढा. निवू द्या. साल काढून दोन फाका करा. आत फिकट सोनेरी रंग दिसला की झाले. लाल रंगाची वाट पाहू नका. दाणा खाली उतरवल्यावरही आपल्याच उष्णतेने भाजत राहतो. आजींच्या सुनेने पहिली खेप अशीच करपवली. "अजून कच्चे वाटतात," म्हणून कढईत आणखी थोडा वेळ ठेवले, आणि कडू झाले. दुसरी खेप छान उतरली.

दाणे चाळणीने चाळून घ्या. खाली पडलेले मीठ फेकू नका. ते बरणीत ठेवा, पुढच्या वेळी पुन्हा भाजायला चालते.

सणावाराला कोणी बदाम आणलेच, तर तेही असेच घरी भाजता येतात. मूठभर बदामांना मिठाचे पाणी लावून वाळवा आणि कोऱ्या कढईत मंद आचेवर परता. बदाम जाड असतो, म्हणून त्याला दाण्यापेक्षा थोडा जास्त वेळ लागतो. एक कापून पाहावा, म्हणजे आतला रंग कळतो. एखादा बदाम फार कडू लागला तर लगेच थुंकून टाकावा. कडू बदामात विष असते. चार-पाच कडू बदामही लहान मुलाला बाधू शकतात.

आता निवडण्याविषयी. २००५ सालच्या २६ जुलैला उल्हास नदीला मोठा पूर आला. काठच्या वस्त्यांत पाणी शिरले. धान्य भिजले. अशा वेळी माणूस म्हणतो, "वाळवू, भाजू आणि खाऊ. टाकायचे कशाला?" गरिबाला अन्न टाकणे जिवावर येते, ते आम्हांला कळते. तरी भिजून बुरशी आलेले दाणे खाऊ नयेत. पूर नसला तरी आपल्याकडच्या पावसाळी दमट हवेत दाण्याला बुरशी धरते. हिरवट, काळी किंवा पिवळट भुकटी दिसते. दाणा सुरकुततो, कुबट वास येतो.

या बुरशीत अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार होते. ते यकृतावर, म्हणजे काळजावर घाव घालते. १९६० साली इंग्लंडात सुमारे एक लाख टर्की पक्षी पटापट मेले. शोध केला तेव्हा कळले की त्यांच्या खाण्यातल्या शेंगदाण्याच्या पेंडीत हे विष होते. १९७४ साली गुजरात आणि राजस्थानच्या सीमेकडच्या खेड्यांत लोकांनी बुरशीचा मका खाल्ला. त्यांना कावीळ झाली, आणि शंभराहून जास्त माणसे दगावली.

"भाजल्यावर विष जळून जात नाही का?" आजींनी विचारले. नाही जात. भाजून थोडे कमी होईल, पण पुष्कळसे राहते. धुऊनही जात नाही. म्हणून बुरशीचा, काळा पडलेला, सुरकुतलेला दाणा निवडून टाकावा. सगळ्याच दाण्यांना कुबट वास येत असेल तर सगळेच टाकावेत. ते गाई-म्हशीलाही घालू नयेत. हे विष दुधात उतरते.

चार-पाच वर्षांखालच्या पोराच्या हातात अख्खा दाणा किंवा बदाम देऊ नये. श्वासनळीत अडकला तर जीव गुदमरतो. त्यांना बारीक कूट करून गुळाबरोबर द्यावे. रक्तदाब असलेल्या माणसाने मिठाचे दाणे न खाता नुसते भाजलेले खावेत. आणि दाणे खाऊन कोणाचे ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या, दम लागला, तर त्याला तडक दवाखान्यात न्यावे. अशा माणसाने पुढे दाण्याला हात लावू नये.

भाजलेले दाणे परातीत पसरून पूर्ण निवू द्या. गरम असताना डबा बंद केला तर आत वाफ धरते आणि दाणे सादळतात. डबा कोरडा हवा, झाकण घट्ट हवे. ओला हात आत घालू नये. उन्हाळ्यात असे दाणे महिनाभर राहतात. पावसाळ्यात पंधरा दिवसांत संपवावेत. म्हणून त्या दिवसांत एका वेळी पाव किलोच भाजावेत.

भाजल्याची तारीख चिठ्ठीवर लिहून डब्याला चिकटवा. आजींनी चिठ्ठी स्वतःच लिहिली. "दाणे. सोमवारी भाजले." त्यातला "भा" जरा वाकडा आला आहे, पण नातवाने तो पहिल्या झटक्यात वाचला.