हळदीच्या पानातील पातोळी : स्वयंपाकघरातील एक पाठ

आपल्या वसतिगृहात श्रावणात मुलांकडून पातोळ्या करवून घेतल्या, तेव्हा एका पालकांनी मोकळेपणाने विचारले, "गुरुजी, हे तर सणाचे पक्वान्न. आपल्या शाळेत कशाला?" शंका रास्त होती. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांचे भान ज्या घरात जागे आहे, तेथे ती उमटणारच. तिचे उत्तर मात्र पातोळीच्या घडणीकडे पाहिल्याशिवाय देता येत नाही.

गव्हाच्या कणकेला ग्लुटेन नावाच्या प्रथिनामुळे ताण येतो. तांदळात ते नसते. म्हणून तांदळाची पिठी गार पाण्यात मळून तिच्यात सारण भरू लागलो, तर पारी फाटते. तांदूळ पिकवणाऱ्या मुलखांतील सुगरणींनी ही एकच अडचण निरनिराळ्या वाटांनी सोडवली आहे.

चीनमधील दक्षिण फुजियानचे हॉक्किएन लोक समुद्रमार्गे सिंगापूर, पेनांग येथे जाऊन स्थायिक झाले. त्यांच्याकडे 'आंग कू कुए' नावाची कासवाच्या आकाराची लाल वडी करतात. मूल महिन्याचे झाले की ती वाटतात. कासव हे दीर्घायुष्याचे चिन्ह. तेथील चिकट तांदळाच्या पिष्टात अमायलोज जवळजवळ नसते, बहुतेक सारे अमायलोपेक्टिनच असते. त्यामुळे वाफवलेली पारी लवचिक राहते. पिठात अनेकदा उकडलेले रताळे मिसळतात. आत मुगाच्या डाळीचे गोड सारण असते, जणू आपल्या पुरणाचे सख्खे भावंड. वडी केळीच्या पानाच्या तुकड्यावर ठेवून वाफवतात.

आपला तांदूळ तसा चिकट नाही. म्हणून उकडीचे मोदक करताना पिठी आधीच उकळत्या पाण्यात घालून झाकण ठेवतात. सुमारे सत्तर अंश उष्णतेला पिष्टाचे कण पाणी शोषून फुगतात, आणि गरम असतानाच मळलेली उकड वळवता येते. जे काम तेथे धान्याचा गुण करतो, ते येथे विस्तव करतो.

आंबोली घाट उतरून सावंतवाडी आणि पुढे गोव्यात गेले की तिसरी वाट दिसते. तेथे पारी वळण्याच्या भानगडीतच पडत नाहीत. वाटलेला तांदूळ हळदीच्या पानावर पसरतात. आकार धरण्याचे काम पान करते. माझ्या मते तिन्हींत ही युक्ती सर्वांत चतुर, आणि मुलांच्या हाताला सर्वांत सोपी.

कृती अशी. १ वाटी तांदूळ चार तास भिजवून, अगदी कमी पाण्यात बारीक वाटावा आणि चवीपुरते मीठ घालावे. वाटण भज्यांच्या पिठाहून घट्ट हवे. पातळ झाले तर पानावरून ओघळते. आपल्या शेजारच्या आजऱ्याच्या घनसाळला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तो मिळाला तर सुवासाची चंगळ, पण शंभर मुलांच्या पंगतीला घरच्या कण्याही चालतात. २ वाट्या ओल्या नारळात १ वाटी गूळ घालून मंद आचेवर आटवावे आणि वेलदोडा घालावा. गूळ सैल राहिला तर वाफेत बाहेर येतो, फार आटवला तर सारण खडखडीत होते. पाने धुऊन पुसावीत, त्यांच्यावर वाटणाचा पातळ थर द्यावा, मध्ये सारण ठेवावे आणि शिरेवर लांबट घडी घालावी. चाळणीवर पंधरा मिनिटे वाफ पुरते. पानाचा हिरवा रंग मावळला की पातोळी झाली असे समजावे.

आता त्या पालकांच्या प्रश्नाकडे वळू. पातोळी काही घरांत नागपंचमीला होते हे खरे. गोव्यातील ख्रिस्ती कुटुंबे हीच पातोळी १५ ऑगस्टला, मरियेच्या स्वर्गारोहणाच्या सणाला करतात. नाग वेगळा, मरिया वेगळी. पान मात्र तेच. कारण साधे आहे : मृगानंतर लावलेली हळद श्रावण-भाद्रपदात पानांनी डवरते, आणि माघाच्या सुमारास गड्डे काढायच्या वेळी ती पाने वाळलेली असतात. पक्वान्नाचा दिवस आधी शेताने ठरवला, दैवत मागाहून आले. बावीस प्रतिज्ञांनी उपासना सोडायला सांगितली. हळदीचा वाफा नव्हे. आपल्याकडे हेच दिवस आषाढ पौर्णिमेपासून चालणाऱ्या वर्षावासाचे. बोधिप्राप्तीनंतर तथागतांना पहिले भोजन तपस्सु व भल्लिक या व्यापाऱ्यांनी दिले, ते सत्तूचे आणि मधाच्या गोळ्यांचे होते, असे विनयपिटकात आहे. वर्षावासात भिक्खूंना भोजनदान देताना गोड पदार्थाचा संकोच नको.

आणखी एक गोष्ट या पाठात मी मुद्दाम ठेवली. आपल्या आज्या-पणज्यांपैकी अनेकींना दुसऱ्यांच्या सणाचे उरलेले पक्वान्न उंबऱ्याबाहेर उभे राहून, वरून टाकलेले घ्यावे लागले. म्हणून पातोळी करणारे आणि वाढणारे हात मुलांचेच असतात. मुलगे वाटण वाटतात, मुली चूल सांभाळतात, पुढच्या वेळी उलट. जेवायला आलेल्या पालकांना पानासकट पातोळी द्यावी. पान गरम असतानाच सोलावे. गार झाले की ते चिकटते.