ट्रान्झिस्टरचे संगणकीय प्रतिमान : माहितीपत्रकापासून मंडलापर्यंत

जबलपूर येथे १९४७ मध्ये अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले. पुढे २००५ मध्ये केंद्र शासनाने तेथेच भारतीय माहिती तंत्रज्ञान, अभिकल्प व उत्पादन संस्था स्थापन केली. अभिकल्प आणि उत्पादन यांना जोडणारा महत्त्वाचा दुवा म्हणजे मंडलाची संगणकावरील पूर्वचाचणी, अर्थात सिम्युलेशन. ही चाचणी विश्वसनीय ठरण्यासाठी घटकाचे प्रतिमान अचूक असावे लागते.

बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात १९७० च्या दशकाच्या प्रारंभी ‘स्पाइस’ ही प्रणाली विकसित झाली. तीत द्विध्रुवी ट्रान्झिस्टरसाठी गमेल व पून यांनी १९७० मध्ये मांडलेले प्रतिमान वापरले जाते. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील ‘फॉसी’ प्रकल्पाची ‘ईसिम’ ही मुक्त प्रणालीही स्पाइस परंपरेतील ‘एनजीस्पाइस’वर आधारित आहे.

उत्पादकाच्या माहितीपत्रकातून या प्रतिमानाचे प्रमुख प्राचल कसे काढावेत, हे एका उदाहरणाने पाहू.

१) संपृक्त धारा (आयएस) : २५ अंश सेल्सिअसला, २ मिलिअँपिअर कलेक्टर धारेस बेस-एमिटर विभवांतर ०.६६ व्होल्ट आहे असे समजू. या तापमानास औष्णिक विभव २५.७ मिलिव्होल्ट असतो. धारा विभवांतराच्या घातांकी प्रमाणात वाढते. त्यावरून आयएस सुमारे १४ फेम्टोअँपिअर येते.

२) धारालब्धी (बीएफ) : माहितीपत्रकातील प्रातिनिधिक मूल्य घ्यावे; येथे २९०.

३) अर्ली विभव (व्हीएएफ) : निर्गत वाहकता ३० मायक्रोसीमेन्स असल्यास २ मिलिअँपिअरला ३० मायक्रोसीमेन्सने भागावे. स्थूलमानाने ६७ व्होल्ट मिळतात.

४) संक्रमण काळ (टीएफ) : संक्रमण वारंवारता ३०० मेगाहर्ट्झ असल्यास १ भागिले २π गुणिले वारंवारता, म्हणजे सुमारे ०.५३ नॅनोसेकंद. संधींच्या धारितांचा परिणाम यात मिसळलेला असल्याने ही वरची मर्यादा समजावी.

मात्र प्रातिनिधिक मूल्य ही हमी नव्हे. याच ट्रान्झिस्टरची लब्धी २०० ते ४५० या मर्यादेत असू शकते असे समजा. पुरवठा ९ व्होल्ट, कलेक्टर रोध ३ किलोओहम आणि बेस धारा ७ मायक्रोअँपिअर ठेवल्यास, लब्धी २९० असताना कलेक्टर-एमिटर विभवांतर सुमारे २.९ व्होल्ट राहते. लब्धी ४५० झाल्यास रोधावर ९.४५ व्होल्ट पडावे लागतील. ते अशक्य असल्याने ट्रान्झिस्टर संपृक्त होतो व प्रवर्धन बिघडते. पडद्यावर निर्दोष दिसणारे मंडल उत्पादनात काही नगांपुरते निकामी ठरते, ते असे.

म्हणून किमान, प्रातिनिधिक व कमाल अशी तीन प्रतिमाने करून चाचणी घ्यावी. प्रत्येक प्रतिमानाचे वक्र माहितीपत्रकातील आलेखांशी ताडून पाहावेत आणि तापमान बदलून चाचणी पुन्हा करावी. लब्धीतील फरकाने मंडल ढळत असेल, तर दोष प्रतिमानात न शोधता एमिटर रोधाद्वारे ऋण प्रतिपोषण द्यावे. परीक्षेत प्राचलांच्या व्याख्येबरोबरच हा कार्यकारणभाव मांडल्यास उत्तर परिपूर्ण होईल.