डब्यावरचा उंच मुलगा



घरभेटीला गेलो की मुलांशी चार शब्द बोलल्याशिवाय आम्ही उठत नाही. परवा एका घरी तिसरीतल्या मुलाने आम्हाला चौदा खेळण्यांची नावे घडाघडा सांगितली. त्यातले एकही त्याच्याकडे नव्हते. दुसरी मुले नवे खोके उघडून आतले खेळणे दाखवतात, ते व्हिडिओ तो आजीच्या मोबाइलवर पाहतो.

त्याची आई म्हणाली, "फादर, त्याला दुधात ती पावडर लागतेच. डब्यावरच्या मुलासारखं उंच व्हायचंय." तो डबा दर महिन्याला परवडावा म्हणून तिने डॉक्टरांनी लिहून दिलेल्या लोहाच्या गोळ्या घेणे थांबवले होते. हे तिने तक्रार म्हणून सांगितले नाही. मुलाला काही कमी पडू देत नाही, हे सांगताना ओघात आले.

तिला बोल लावायला आमची जीभ वळली नाही. जाहिरात बोलते मुलाशी, पैसे निघतात आईच्या बटव्यातून. मधली दलाली मुलाचा हट्ट करतो, तीही फुकट.

लहान मुलाला हे कळत का नाही? अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या अभ्यासगटाने २००४ साली सांगितले, की आठ वर्षांखालील मुलांना जाहिरातीमागचा विकण्याचा हेतू ओळखता येत नाही. त्यांना ती खरी माहितीच वाटते. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना 'हेतू' या एका शब्दावर आम्ही कितीतरी दिवस डोके खाजवले होते; सात वर्षांच्या पोराकडून काय अपेक्षा करणार? कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात तर १३ वर्षांखालील मुलांना उद्देशून व्यापारी जाहिरात करायला १९८० पासून मनाई आहे.

आपल्याकडेही जून २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नियम केले. 'आईबाबांना घ्यायला लावा' असे मुलांना थेट सुचवता येत नाही. मुलांच्या वाहिनीवर जंक फूडची जाहिरात चालत नाही. आणि एप्रिल २०२४ मध्ये वाणिज्य मंत्रालयाने ऑनलाइन विक्रेत्यांना अशी पेये 'हेल्थ ड्रिंक' या सदरातून काढायला सांगितले, कारण २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्यात 'हेल्थ ड्रिंक' असा प्रकारच नाही. पण मोबाइलवर खोके उघडणारा मुलगा खेळतो आहे की माल विकतो आहे, हे पाहायला सरकार आपल्या ओट्यावर येऊन बसणार नाही.

पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी २००७ च्या जागतिक संपर्कदिनाच्या संदेशासाठी 'मुले आणि प्रसारमाध्यमे' हाच विषय घेतला होता. माध्यमे पारखून वापरायला मुलांना शिकवण्यात आईवडिलांची भूमिका सर्वांत महत्त्वाची, असे त्यांनी लिहिले. मोबाइल हिसकावून हे शिकवता येत नाही. शेजारी बसून पाहावे आणि विचारावे, "हा हे का दाखवतोय? त्याला काय मिळतं?" (आणि पहिल्या कम्युनियनला कोणी कोणता डेकोरेटर आणला, ही आपली चर्चाही मुले ऐकत असतात बरे!)

त्या मुलाला आम्ही तो डबा आणायला लावला. पाकिटावर घटकांची नावे वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावी लागतात, जे जास्त ते आधी. 'शुगर' हा शब्द त्याला दुसऱ्याच ठिकाणी सापडला. मग तो आत पळाला आणि आजीच्या बिस्किटांचा पुडा घेऊन आला.

आईने गोळ्या पुन्हा सुरू केल्या आहेत. पावडर अजून बंद झालेली नाही. ती आता अर्धा चमचा घालते.