पाडण्याआधी दोघांचा होकार

चि. सौ. बाळ आणि चि. जावईबापू यांस,


वाईचा वाडा बिल्डरला न देता दुरुस्त करून तिथं राहायचं ठरवलंत, फार आनंद झाला. पण तुमच्या पत्रात दोन मतं दिसली. जावईबापूंना पश्चिमेची फुगलेली भिंत लगेच उतरवायची आहे आणि बाळ, तुला ती राखायची आहे. भिंत पाहिल्याशिवाय मी कौल देणार नाही. मात्र एक नियम आजच करा: दोघांचा होकार असल्याशिवाय काहीही पाडायचं नाही. भेगेत भरलेला चुना खरवडता येतो, चुकीचं बसवलेलं कौल काढता येतं, पण पाडलेलं परत येत नाही. म्हणून वाड्याच्या बाबतीत ‘थांब’ म्हणणाऱ्याचं चालू द्या, मग तो दोघांपैकी कुणीही असो.

थांबलात तर कारण सापडेल. आपल्याकडच्या वाड्यांचा भार पुष्कळदा सागवानी खांब-तुळयांवर असतो. भिंती विटा-मातीच्या, मधे भरलेल्या. अशी भिंत फुगली म्हणजे कौलांतून पाणी आत मुरत असेल किंवा जवळच्या खांबाचा पाय कुजून तुळई खचली असेल. कारण तसंच ठेवून भिंत नवी बांधलीत तर तीही फुगेल. खांबाचा पाय तळखड्याशी कुजला असेल तर धिरे देऊन तेवढाच भाग कापायचा आणि जुन्या सागाचा तुकडा सांध्यात बसवायचा. चांगला सुतार हे काम करतो. अख्खा खांब बदला म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा.

पहिला खर्च छपरावर आणि पागोळ्यांचं पाणी जोत्यापासून दूर नेण्यावर करा. रंग, फरशी, झोपाळा हे सगळं नंतर. एक पूर्ण पावसाळा वाड्यात काढा, कुठं ओल येते ते दोघं मिळून एका वहीत लिहा. भिंतीत पिंपळ उगवला असेल तर तो उपटू नका. मुळं दगड सैल करत बाहेर येतात. कापून, मूळ मारून, मग सांधे भरा.

सिमेंटबद्दल मला जरा सविस्तर सांगू दे, कारण तुमच्या गवंड्याने तोच गिलावा सुचवलाय. मातीच्या भिंतीत जमिनीची ओल चढतच असते. चुन्याच्या गिलाव्यातून ती बाहेर पडून सुकते. सिमेंट तिला कोंडतं. मग ती वर सरकते, लोणा धरतो, पोपडे सुटतात, आणि शेवटी तुळईचं भिंतीतलं टोक कुजतं. वरून सगळं गुळगुळीत दिसत असताना आत हे चालतं. म्हणून चुनाच वापरा. कळीचा चुना नीट विझवून मुरू द्या, वाळू आणि विटांची सुर्खी घालून मळा. जुने गवंडी त्यात गुळाचं आणि हिरड्याचं पाणी घालत. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत हळूहळू घट्ट होतो, म्हणून थर पातळ हवेत, प्रत्येकाला वेळ हवा आणि भिंत ओलसर ठेवायला हवी. भर उन्हाळ्यात गिलावा तडकतो. दिवाळीनंतरचे महिने उत्तम.

जुना रंग खरवडण्याआधी मेणवलीला जाऊन या, तुमच्यापासून जवळच आहे. नाना फडणवीसांच्या वाड्यात भिंतींवर रंगवलेली चित्रं आहेत. तुमच्याकडेही चुन्याच्या थरांखाली एखादी वेल निघू शकते. ब्रश घेऊन कोपऱ्यात तळहाताएवढी जागा आधी तपासा.

जावईबापू, विजेचं काम तुमच्याकडे घ्या आणि त्यात काटकसर करू नका, लाकडी वाड्याला आगीची भीती असते. शनिवारवाड्याच्या लाकडी इमारती १८२८ च्या आगीत गेल्या, आज तटबंदी, दरवाजे आणि जोती तेवढी उरली आहेत. जुन्या वायरी सगळ्या काढा, नव्या नळीतून न्या, लाकडाला चिकटवू नका.

भाऊबंदांच्या सह्या आणि नगरपालिकेची परवानगी हातात आल्यावरच खर्चाला लागा. अंदाजाच्या निदान एक तृतीयांश रक्कम वेगळी ठेवा. जुन्या घरात तुळई उघडल्यावरच खरा खर्च कळतो.

आणि बाळ, छपराचं काम झालं की आधी एक खोली आणि एक न्हाणीघर नीट करून घ्या, दार लावलं की धूळ बाहेर राहील असं. त्या खोलीत जेवताना वाड्याविषयी बोलायचं नाही. वर्षानुवर्षं चालणारं हे काम आहे. एकाला त्याचं वेड लागतं आणि दुसरा नुसता हमाल होतो, अशी जोडपी मी पाहिली आहेत. त्यांचे वाडे उभे राहिले, पण त्या दुसऱ्याला तिथं राहावंसं वाटेना. महिन्यातला एक रविवार गवंड्याला सुट्टी द्या आणि तुम्हीही घ्या.

मी दिवाळीनंतर येतो. येताना ओळंबा आणतो, भिंत किती कलली ते मोजू. तोवर बल्ल्यांचा टेका द्या, वर ताडपत्री टाका आणि त्या भिंतीखाली कुणाला झोपू देऊ नका.

तुमचा,
मामा