भूधारणा आणि शेतीतील गुंतवणूक

खंडाळा तालुक्याच्या उत्तर सीमेवरून नीरा नदी वाहते. तथापि तालुक्याचा बराचसा भाग पर्जन्यछायेत येतो. अशा जमिनीत विहीर, ताली व बांधबंदिस्ती यांवाचून शेती स्थिरावत नाही आणि हा खर्च वसूल होण्यास वर्षे लागतात. पुढील हंगामात जमीन आपल्याकडे राहील याची शाश्वती नसलेले कूळ तो करील, ही अपेक्षाच अवाजवी होय.

मुंबई कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, 1948 याचे मर्म येथेच आहे. 1 एप्रिल 1957 या कृषकदिनी, कायद्यातील अपवाद वगळता, जमीन कसणारे कूळ तिचे मालक मानले गेले. किंमत कलम 32-ग खाली शेतजमीन न्यायाधिकरणाने ठरवावयाची होती. अशा जमिनीच्या हस्तांतरणावर कलम 43 चे बंधन मात्र राहिले. 2014 च्या दुरुस्तीने ते काही अटींवर सैल झाले.

शिरवळ-केसुर्डी परिसरात औद्योगिक वसाहती आल्यानंतर प्रश्नाचे स्वरूप पालटले. जमिनीकडे येणारा पैसा आता विहिरीसाठीच येतो असे नाही. मोबदल्याच्या वेळी प्रथम अधिकार अभिलेख पाहिला जातो. वारसनोंद झालेली नसेल, विधवेचे वा बहिणींचे नाव राहून गेले असेल, तर हक्क असूनही त्यांना दाराबाहेर तिष्ठत राहावे लागते. कागद नीट असणे ही येथे केवळ दप्तराची बाब नव्हे.

आफ्रिकेतील अनेक देशांत असा कागदच नसतो. मादागास्करमध्ये 2008 साली एका दक्षिण कोरियन कंपनीने सुमारे 13 लाख हेक्टर जमीन दीर्घ मुदतीने घेण्याचा बेत आखला. तीव्र लोकक्षोभानंतर 2009 मध्ये तो रद्द झाला. मोझांबिकचा 1997 चा कायदा अधिक विचारपूर्वक केलेला दिसतो. तेथे जमीन राज्याची. परंतु रूढीनुसार असलेला अथवा सद्‌भावनेने दहा वर्षे चाललेला ताबा मान्य होतो, त्यास तोंडी साक्षही चालते आणि गुंतवणूकदारास स्थानिक समाजाशी विचारविनिमय करावा लागतो. कायदा चांगला असला तरी अंमलबजावणी तशीच होते असे नाही, हे आपल्याकडील वाचकास सांगावयास नको. 2012 मध्ये जागतिक अन्न सुरक्षा समितीने संमत केलेली भूधारणाविषयक मार्गदर्शक तत्त्वेही अनोंदित परंतु न्याय्य हक्क ओळखण्यास सांगतात.

आपल्याकडे सात-बारा आहे. तो गावासमोर वाचण्यासाठी चावडीवाचनाची सोयही आहे. पंचायत सदस्यांनी त्या वेळी वारसनोंदी व ‘इतर हक्क’ हा रकाना आवर्जून वाचून घ्यावा. फेरफाराच्या नोटिशीवर हरकत घेण्याची मुदत केवळ पंधरा दिवसांची असते.